पुण्याचा साचा आणि घोडेगावची बैलजोडी

आधी तो चहा संपवा बघू सगळ्यांनी. नाही, खरंच सांगते. मागे एकदा हे मी धाकट्या जावेला सांगितलं, तर तिला असा ठसका लागला की अर्धा कप चहा नाकातून बाहेर आला आणि सासूबाईंनी बोल मला लावला! तेव्हा कप खाली ठेवा, मग मी माझी अब्रू तुमच्यापुढे मांडते.

गाढवपणा सगळेच करतात हो. कुणी भाजीत मीठ दोनदा घालतं, कुणी चुकीच्या एस्टीत बसून भलत्याच गावाला उतरतं. पण माझ्या गाढवपणाला बैल लागले, बैल! अख्खी जोडी! घोडेगावच्या बाजारातून आणलेली, शिंगं रंगवलेली, धिप्पाड जोडी. आता बोला!

सत्तर-एकाहत्तरचा सुमार असेल. मी नगरच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले होते, आणि झाल्यापासून माझे पाय काही जमिनीला लागत नव्हते. आमचं घर राहात्याचं. पेरूची बाग, दोन म्हशी, आणि आमचे दादा. दादा म्हणजे माझे वडील. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "शिकलीस ना? हौस फिटली ना? मग आता पोहे करायला शीक."

पोहे म्हणजे कुठले पोहे, ते तुम्हाला सांगायला नको.

मुलगासुद्धा शोधून ठेवला होता. घरचा ट्रॅक्टर होता त्याच्या. बघायला आला तेव्हा माझ्याशी एक अक्षर बोलला नाही, पण बशी मात्र पुन्हा पुन्हा पुढे करत होता. मी तीन दिवस जेवले नाही, रडले, भांडले, तेव्हा कुठे दादांनी तडजोड केली. मी नगरला आत्याकडे राहायचं, नोकरी करायची. दसऱ्यापर्यंत कारखान्यानं कायम केलं तर नोकरी चालू. नाही केलं, तर मुकाट्यानं राहात्याला यायचं आणि ट्रॅक्टरवाल्याला हो म्हणायचं. दादा शब्दाचे पक्के. आणि मी हट्टाची पक्की. त्यामुळे मला काहीही करून कायम व्हायचं होतं, बास!

आता 'कारखाना' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर चिमणी-बिमणी आली असेल, ती पुसून टाका. नगरबाहेर औद्योगिक वसाहत तेव्हा कुठे बाळसं धरत होती. तिथे एक पत्र्याची शेड, पुढे लाकडी खांबांवरची पडवी आणि अंगणात एक लिंबाचं झाड. एवढाच आमचा कारखाना. मालक नाना. पूर्वी सायकलच्या टायरचं दुकान होतं त्यांचं. माणूस मोठ्या मनाचा आणि त्याहून मोठ्या आवाजाचा. शेजारच्या शेडमधल्या माणसाला निरोप द्यायचा तर नानांना जागेवरून उठावं लागायचं नाही. आमच्याकडे स्टोव्हचे वायसर व्हायचे, स्टुलाच्या पायांची बुचं व्हायची, पंपाची रबरं व्हायची. मी तिथली केमिस्ट. एकुलती एक! पांढरा कोट मी स्वतःच शिवून घेतला होता, कुणी मागितला नव्हता.

आणि मग पुण्याचं काम आलं. तिथल्या एका इंजिनाच्या कारखान्याला पोलादी कडी हवी होती, आणि कडीच्या आतल्या बाजूला रबर बसवलेलं. इंजिनातलं तेल बाहेर येऊ नये म्हणून. साधं रबर त्या गरम तेलात जळून जायचं, म्हणून सिलिकॉन रबर. हे परदेशातून येणारं, दिसायला खव्याच्या गोळ्यासारखं, पांढरंशुभ्र आणि महाग. उन्हाला भीत नाही, आगीला भीत नाही. पण एक खोड! कशालाच चिकटत नाही! पोलादाला तर मुळीच नाही. कडीत बसवायचं, तापवून पक्कं करायचं, आणि बोटानं ढकललं की टुणकन बाहेर!

नाना म्हणाले, "शालन, हे रबर कडीला चिकटवलंस ना, तर पुण्याचं काम आपलं. आणि काम आपलं झालं तर तू कायम. नानाची जबान!"

मला आणखी काय हवं होतं?

मी कंबर कसली. या रबरात काय काय घालता येतं? रबरात घालायच्या पुड्या-बाटल्यांना आम्ही मसाला म्हणायचो. आधी मी सिलिकाची पांढरी पूड जास्त घातली. रबर असं कडक झालं की पत्र्यावरून पापडासारखं उचलून आलं. मग तांबडी लोखंडाची पूड घातली, म्हटलं लोखंड लोखंडाला धरील! सगळ्या शेडमध्ये लालीलाल झाली, माझा पांढरा कोट गेरूत बुडवल्यासारखा झाला, आणि चिकटायचं नाव नाही. मग मऊ करण्यासाठी तेल घातलं. ते तर नुसतं सटकलंच! तेल हळूहळू रबरातून वर येतं आणि मध्ये पापुद्रा धरून बसतं, हे मला तेव्हा कळलं.

हे सगळं तपासायला पुण्यात मशीन होती म्हणे. आमच्याकडे रंगनाथ होता.

रंगनाथ आमचा प्रेसवाला, म्हणजे रबर दाबून तापवायच्या यंत्रावरचा माणूस, घोडेगावचा. मान दिसायची नाही इतके खांदे. आमची तपासणी अशी असायची. पत्र्याच्या पट्टीवर रबर थापायचं, वर कागद ठेवून दाबायचं, तापवायचं. गार झालं की पट्टी शिकंज्यात आवळायची, रबराचं टोक पकडीत धरायचं आणि रंगनाथनं जीव खाऊन ओढायचं. तो बिचारा दर वेळी पूर्ण ताकदीनं ओढायचा, रबर दर वेळी सटकन सुटायचं, आणि रंगनाथ दर वेळी मागे धाडकन बसायचा. शेवटी शेवटी तो मागे गोणपाट अंथरूनच ओढायला उभा राहायचा.

"बाई," तो कंबर चोळत म्हणायचा, "ह्ये रबार काय नांदायचं न्हाई त्या पत्र्यासंगं. ह्येचा सोभावच न्हाई."

"रंगनाथ, तू ओढायचं काम कर. स्वभावाचं मी बघते!"

आणि मग एक दिवस मुंबईचा एक एजंट आला आणि नमुना म्हणून एक चिमुकली बाटली ठेवून गेला. सायलेन नावाचं औषध. पाण्यासारखं दिसायचं आणि वास असा की डोक्यात झिणझिण्या. त्यानं सांगितलं, याचा एक हात रबर धरतो, दुसरा हात धातू धरतो. मी पिठात मोहन घालावं तसे त्याचे थेंब रबरात मळले, पट्टीवर थापलं, तापवलं, आणि रंगनाथला हाक मारली.

रंगनाथनं गोणपाट अंथरलं. पकड धरली. ओढलं.

काही नाही!

त्यानं पाय रोवला, दात-ओठ खाल्ले, मानेच्या शिरा टरारून फुगल्या. आणि फर्रकन आवाज आला. रंगनाथ नेहमीप्रमाणे मागे बसला. पण पकडीत काय होतं? नुसता रबराचा तुकडा! बाकीचं रबर पट्टीवर तसंच! म्हणजे रबर फाटलं, पण पत्र्याला सोडलं नाही! अहो, चिकटण्याची याहून मोठी परीक्षा नाही!

"नाना!" मी किंचाळले.

"चिकटलं?" नाना ओरडले.

"चिकटलं!"

"चिकटलं रे!" नानांनी ते अख्ख्या वसाहतीला कळवलं. शेजारचा खिळेवाला धावत आला, त्याला वाटलं कुणाला विजेचा धक्का बसला. नानांनी पेढे मागवले. मी तर काय, हवेतच! आत्याला सांगितलं, आत्याच्या शेजारणीला सांगितलं, राहात्याला जाणाऱ्या कंडक्टरला सांगितलं की दादांना सांगा, ट्रॅक्टरवाल्याला दुसरी मुलगी बघा म्हणावं.

नानांनी पुण्याला ट्रंककॉल लावला. तिकडे आपटे साहेब होते, त्या कारखान्याचे मोठे इंजिनियर. नानांचा आवाज पुण्याला फोनशिवायही पोचला असता. साहेब म्हणाले, गुरुवारी येतो. आमचा साचा तुमच्याकडे आहेच, त्यातून निघालेली कडी माझ्यासमोर दाखवा.

तो साचा त्यांनी आधीच पाठवून दिला होता. पुण्यात खास करून घेतलेला, दोन जाडजूड पोलादी तबकड्या, वरची आणि खालची, आतून आरशासारखी चकचकीत. त्याच्या मध्ये कडी ठेवायची, रबर ठेवायचं, वरची तबकडी झाकायची आणि प्रेसमध्ये दाबून तापवायचं. एकच साचा होता तो. नाना त्याला रोज फडक्यानं पुसायचे.

आता नीट ऐका, कारण माझ्या हुशारीला इथून भरती येते.

आमच्याकडे पद्धत अशी होती की कुठलाही साचा प्रेसमध्ये घालण्याआधी त्याला आतून साबणाचं पाणी फासायचं, म्हणजे माल सुटून येतो. थालीपीठ लावताना तव्याला तेल लावता ना, अगदी तसं. पण मी इतके दिवस पट्ट्यांवर झटत होते. आणि माझ्या लक्षात आलं होतं की साबणानं धुतलेल्या पट्टीवर साबणाचा अंश जरी राहिला, तरी रबर सुटतं. म्हणजे साबण हा माझा वैरी! माझ्या दसऱ्याचा वैरी! मी गुरुवारी सकाळी पदर खोचला आणि हुकूम सोडला.

"रंगनाथ, आज साबण बंद! साचा पेट्रोलनं धू. कडी पेट्रोलनं धू. आतबाहेर कुठे तेलाचा डाग नको, साबणाचा ठिपका नको. सगळं कसं कोरं करकरीत पाहिजे!"

"साच्याला बी न्हाई लावायचा साबन?"

"कशालाच नाही!"

"बरं झालं बाई," रंगनाथ खूश होऊन म्हणाला, "त्या साबनानं माझं हात लई उलत्यात." आणि त्यानं असा साचा घासला, असा घासला की त्यात मला माझा चेहरा दिसला. काय तोरा होता त्या चेहऱ्यावर!

बरं, एवढ्यावर थांबेन तर ती मी कसली? पुण्याहून पाहुणे यायचे म्हटल्यावर आपण काय करतो? शिऱ्यात तूप जास्त घालतो की नाही? मी बाटलीतलं सायलेन जरा सढळ हातानंच ओतलं. म्हटलं, होऊ दे खर्च, साहेबांनी नाव काढलं पाहिजे!

नाना साहेबांना आणायला टांगा घेऊन स्टँडवर गेले. आम्ही साचा भरला, प्रेस आवळली, तापवलं. वेळ झाली, प्रेस सैल केली. रंगनाथनं साचा बाहेर काढून लाकडी बाकावर ठेवला, वरच्या तबकडीच्या मुठी धरल्या आणि उचलली.

वरच्या तबकडीबरोबर खालचीही आली.

"अडाकला," रंगनाथ म्हणाला.

"गरम आहे म्हणून. हलव जरा."

त्यानं हलवला. लाकडी हातोडीनं ठोकला. फटीत स्क्रू ड्रायव्हर घातला, तो वाकला. दुसरा घातला, त्याची मूठ हातात आली. साचा आपला शांत. आता तुमच्यातल्या एखादीला एव्हाना कळलंही असेल, काय झालंय ते. मला कळलं का? छे! मी केमिस्ट होते ना!

मी म्हटलं, "आत रबर कच्चं राहिलंय. कच्च्या पिठासारखं चिकटून बसलंय. आणखी तापव!"

आणखी तापवलं. अहो, या औषधाला जितकी धग द्यावी तितकं ते जास्त आवळून धरतं! पण मला कुठे ठाऊक? बाहेर काढलं तर आता हातोडी मारल्यावर टणटण आवाजही येईना, एकसंध ठोकळा झाला.

"मग गार करू," मी म्हटलं. "गार झालं की पोलाद आकसतं." सरबतवाल्याकडून बर्फाची लादी आणली आणि तापल्या साच्यावर ठेवली. जी वाफ उठली म्हणता! शेड दिसेना, रंगनाथ दिसेना, नुसतं त्याचं खोकणं ऐकू येत होतं. वाफ निवळली तेव्हा बर्फ संपला होता, साचा ओला झाला होता, आणि तसाच बंद होता.

साहेबांची एस्टी आली असेल. टांगा निघाला असेल. मला डोळ्यांसमोर एकदम राहाता दिसायला लागलं, दादा दिसायला लागले, आणि पोह्यांची बशी पुढे करणारा तो हात दिसायला लागला.

"रंगनाथ, काहीतरी कर रे बाबा!"

रंगनाथनं घाम पुसला. अंगणाकडे बघितलं. लिंबाखाली त्याची बैलजोडी रवंथ करत बसली होती. मेहुण्यासाठी आदल्या बाजारात घेतलेली, संध्याकाळी पोचवायला निघायचं म्हणून त्यानं सकाळी तिथेच आणून बांधली होती. पाखऱ्या आणि गुलब्या.

"बाई," तो हळूच म्हणाला, "मानसाचं काम न्हाई ह्ये आता."

आणि मी, बी.एस्सी. झालेली मी, केमिस्ट्री घेतलेली मी, काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "जुंप!"

वरच्या तबकडीच्या मुठींना साखळी घातली आणि ती पडवीच्या खांबाला बांधली. खालच्या तबकडीची साखळी बैलांच्या जुवाला. साचा मध्ये जमिनीवर. रंगनाथनं बैलांची शेपटी पिरगाळली, "हर्र! चल रं पाखऱ्या!" आणि साखळ्या ताठ झाल्या. साचा जमिनीपासून वर हवेत उचलला गेला. मी शेजारी उभी राहून हातवारे करत होते, "जोरात! आणखी जोरात!"

नेमका तेव्हाच फाटकातून टांगा आत आला.

टांग्यात नाना आणि त्यांच्या शेजारी आपटे साहेब. सोनेरी काड्यांचा चष्मा, कडक इस्त्रीचा बुशशर्ट, मांडीवर कातडी बॅग. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"नाना, हे काय चाललंय?"

नानांना काय माहीत काय चाललंय! त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. सबंध रस्ताभर नानांनी साहेबांना आमच्या तपासणीचं कौतुक ऐकवलं होतं, रंगनाथ कसा ओढतो आणि रबर कसं सुटत नाही. त्या भरात नानांनी छाती पुढे काढली आणि दिलं ठोकून.

"टेस्टिंग, साहेब!"

"बैलांनी?"

"मग! पट्टीला रंगनाथ पुरतो. मोठ्या मालाला बैलच पाहिजेत. का गं शालन?"

अहो, बुडत्याला काडी मिळावी तसं झालं मला! मी मान डोलवली. एकदा नाही, चांगली पाच-सहा वेळा. "हो साहेब. आमची पद्धतच आहे तशी."

साहेब टांग्यातून उडी मारून उतरले. काय तो आनंद त्यांच्या चेहऱ्यावर! "कमाल आहे! आमच्याकडे मशीन आहे, पण हे... हे म्हणजे... बरं, एका बैलाचं बळ साधारण किती धरता तुम्ही?"

"पाखऱ्याचं का गुलब्याचं?" रंगनाथनं विचारलं. "पाखऱ्या मनात असंल तरच वढतो, साहेब."

"आणि आत्ता?"

"आत्ता हाय मनात."

"मग ओढू द्या की!" साहेबांनी बॅग नानांच्या हातात दिली, बाह्या सरसावल्या, आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण तो पुण्याचा इस्त्रीचा माणूस बैलांच्या मागे जाऊन दोन्ही हात वर करून ओरडला, "हर्र! हर्र! चला! ओढा!"

बैलांनी असा आवाज जन्मात ऐकला नसावा. त्यांनी जी उसळी घेतली! साखळी कडाडली, काहीतरी करकरलं. म्हटलं, उघडला! देवा, उघडला! आणि धडाड धाड! पडवीचा खांब मुळासकट उपटून आला! वरचे पत्रे एकावर एक खाली! धुरळा! कोंबड्या कुठून आल्या देव जाणे, त्या ओरडत चारी दिशांना पळाल्या! टांग्याचं घोडं उधळलं आणि टांगेवाला त्याच्या मागे! बैल साचा, साखळी आणि खांब ओढत फाटकापर्यंत गेले आणि तिथे कडब्याची पेंढी दिसली म्हणून थांबले.

धुरळा बसला. कुणालाही खरचटलंसुद्धा नव्हतं. साचा फाटकापाशी पडला होता. बंद.

आणि साहेब टाळ्या वाजवत होते!

"वा! वा नाना! खांब आला, पण रबर सुटलं नाही! अहो, अशी पकड मी आयुष्यात बघितली नाही. काम तुमचंच, नाना! काम तुमचंच!"

नाना पडक्या पडवीकडे बघत हसले. अर्धं हसले, अर्धं त्यांना जमलं नाही. मी तर आनंदानं रडायच्या बेतात होते. कायम! मी कायम झाले! दादा, ऐकताय का?

"चला," साहेब हात झटकत म्हणाले, "आता तो नमुना उघडून दाखवा मला. आतली कडी बघू."

झालं! रंगनाथ एकदम बैलांच्या मानेवरचे गोचीड शोधायला लागला.

"उघडा ना," साहेब म्हणाले. कुणी हलेना, तेव्हा ते स्वतःच फाटकाकडे गेले. वाकले. खिशातला रुमाल काढून त्या ठोकळ्यावरची धूळ पुसली. त्यावर त्यांच्या कारखान्याची खूण कोरलेली होती.

"हा... आमचा साचा आहे?"

"हो साहेब," मी म्हटलं.

"म्हणजे तुम्ही टेस्टिंग करत नव्हता."

"नाही साहेब."

"मग काय करत होता?"

"उघडत होतो, साहेब."

शेजारचा खिळेवाला कुंपणावरून बघत होता, तो खाली बसला आणि कुंपणामागून त्याचं फुसफुस हसणं ऐकू यायला लागलं.

साहेबांनी मला शांतपणे विचारलं, "बाई, साच्याला आतून साबणाचं पाणी लावलं होतं?"

"नाही साहेब! एकदम पेट्रोलनं स्वच्छ धुतला होता! साबणानं पकड जाते, साहेब."

"बरोबर. कडीवर साबण नकोच. कडी कशाची आहे?"

"पोलादाची."

"आणि साचा?"

आणि तेव्हा, बायांनो, तेव्हा कुठे माझ्या त्या बी.एस्सी. झालेल्या डोक्यात उजेड पडला!

"पोलादाचा," मी म्हटलं.

"मग त्या औषधाला काय कळणार, बाई, की यातलं धरायचं कुणाला आणि सोडायचं कुणाला? त्यानं आपलं दिसेल ते पोलाद धरलं. कडीही धरली, खालची तबकडी धरली, वरचीही धरली. त्यात तुम्ही तापवलं किती?"

"दोनदा," रंगनाथ बैलामागून म्हणाला. "आन् औशिद बी बाईंनी लई वतलं. पाव्हनं यायचं म्हनून."

त्या क्षणी मला रंगनाथचा इतका राग आला म्हणता!

नानांचा चेहरा तांबडा झाला. आतापर्यंत मी त्यांचा मोठा आवाज रोज ऐकला होता, पण त्या दिवशी ते हळू बोलले आणि तेच जास्त लागलं. "शालन. या कडीचा त्यांचा एकुलता साचा गं. आणि माझी पडवी."

मी ढसाढसा रडले. लाज नाही, काही नाही, पांढरा कोट तोंडात कोंबून रडले. "नाना, मी उद्या सकाळच्या एस्टीनं राहात्याला जाते. मला कायम-बियम काही करू नका. माझी लायकीच नाही!" आणि मनात पोहे भिजत घातले.

साहेबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रागानं. कसलं हो! हसत होते ते! चष्मा काढून, कंबरेवर हात ठेवून, वाकून वाकून हसत होते. हसता हसता म्हणाले, "नाना, रबर आम्हाला हेच पाहिजे. साचा मी पुण्याला नेतो, तिथे कापून काढू. दुसरा साचा पाठवतो. त्याच्या सोबत साबणाची वडीपण पाठवतो."

"तुमचे उपकार आहेत, साहेब," नाना हात जोडून म्हणाले.

"उपकार राहू द्या. मला एक सांगा, ही मुलगी तुमच्याकडे कायम आहे का?"

"नाही साहेब. दसऱ्याला करणार होतो. आता कसलं कायम? आता हिला घरी..."

"छे छे छे!" साहेब एकदम गंभीर झाले. हसू कुठल्या कुठे गेलं. "भलतंच काय करता? आजच्या आज कायम करा हिला!"

मी कोटातून तोंड बाहेर काढलं. काय ऐकतेय मी? माझ्या गुणांची पारख झाली म्हणायची! शेवटी पुण्याचा माणूस, विद्वान माणूस! चुकांपलीकडचं बघणारा! मी डोळे पुसले, केस सारखे केले, ताठ उभी राहिले.

नानांचा विश्वास बसेना. "एवढं सगळं झाल्यावर, साहेब?"

"एवढं झालं म्हणूनच तर, नाना!" साहेब कळकळीनं म्हणाले. "तुम्ही सोडलीत तर ती दुसऱ्या रबरवाल्याकडे नोकरीला लागेल. आणि बाकीच्या सगळ्यांकडे आमचे साचे पडलेत हो!"

नानांनी मला त्याच दिवशी कायम केलं. आणि राहात्याला मी दादांना निरोप धाडला की पुण्याच्या बड्या इंजिनियरनं स्वतः शब्द टाकला, 'हिला आजच्या आज कायम करा' म्हणून. त्याचं पुढचं वाक्य मी अजून माहेरी कुणाला सांगितलेलं नाही.